प्रश्नांवर चाललेला संसार

पीकसुधारणेचं शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला केव्हा ना केव्हा गुणसूत्रावरच्या जनुकांचा नकाशा काढावा लागतो. कोणतं जनुक कोणत्या जनुकापासून किती अंतरावर आहे, ते ठरवायचं असतं. आकडेमोड आता संगणक करतो. पण अंतर कोणाच्या सूत्रानं काढायचं, हे त्याला आधी सांगावं लागतं. पडद्यावर दोन नावं दिसतात, हॉल्डेन आणि कोसंबी. हॉल्डेन म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन, विसाव्या शतकातले नामांकित ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ. जनुकशास्त्रात त्यांचं नाव असणं साहजिकच आहे. कोसंबी म्हणजे आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी. जीवशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. १९४४ साली या सूत्राचा त्यांचा चार पानी निबंध एका ब्रिटिश नियतकालिकात छापून आला, तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते.

मराठी वाचकाला डी. डी. कोसंबी ठाऊक असतात ते इतिहासकार म्हणून. प्राचीन भारताचा इतिहास राजांच्या वंशावळींतून बाहेर काढून नांगर, गुरं, व्यापारी वाटा आणि गावदेवतांपर्यंत आणणारा माणूस म्हणून. गणितात संशोधन करणाऱ्यांना ते भूमितीच्या एका सिद्धांतामुळे माहीत असतात. नाण्यांच्या अभ्यासकांना ते नाणी तोलणारे म्हणून माहीत असतात, संस्कृतच्या अभ्यासकांना भर्तृहरीचे संपादक म्हणून. हे सगळे एकच गृहस्थ आहेत, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

मुलगा दहावीला पोचायच्या आत आपल्या घरांतून ‘करिअर’ या शब्दाची चिंता सुरू होते. ती चिंता खरी आहे. घरभाडं, कर्जाचे हप्ते, एका जागेसाठी येणारे शेकडो अर्ज, यातलं काहीच काल्पनिक नाही. पण त्या चिंतेतून मुलांना पहिला सल्ला मिळतो तो इकडेतिकडे न पाहण्याचा. एक दिशा धर, बाकीचं नंतर. कोसंबी बापलेकांनी आयुष्यभर याच्या उलट केलं. त्यातून त्यांना काय मिळालं, काय गेलं आणि त्यांच्या कुतूहलाचा खर्च कोणाच्या खांद्यावर पडला, हे नीट पाहण्यासारखं आहे. मला या दोघांविषयी प्रेम आहे, आणि म्हणूनच जमाखर्चाच्या दोन्ही बाजू मांडाव्याशा वाटतात.

वडिलांपासून सुरुवात केली पाहिजे. धर्मानंद कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात साखवाळ इथे झाला. घर सारस्वतांचं, उत्पन्न नारळीच्या बागेचं, शिक्षण बेताचंच. लहान वयात लग्न झालं. बागेची राखण, माडांचा हिशेब, घरातली दुखणीखुपणी यांत त्यांचं तारुण्य चाललं होतं. वाचायला जे मिळे ते वाचत. त्यात विनायक कोंडदेव ओक यांचं ‘बाळबोध’ मासिक होतं, आणि त्यातल्या बुद्धाच्या चरित्रानं ते झपाटले. मुलांसाठी सोप्या मराठीत लिहिलेला मजकूर तो! पण वाचणाऱ्याला प्रश्न पडला, की हा माणूस नेमकं काय सांगत होता? आणि ते मुळातून कळायचं तर कुठे जायचं?

आज हा प्रश्न साधा वाटेल. १८९०च्या दशकात गोव्यातल्या एका खेड्यात त्याला उत्तर नव्हतं. जिथे बुद्धानं उपदेश केला त्या देशात त्याचा धर्म शिकवणारं माणूस सापडत नव्हतं. बौद्ध धर्म समजायचा तर आधी संस्कृत आलं पाहिजे अशी धर्मानंदांची समजूत झाली, आणि १८९९च्या डिसेंबरात ते घर सोडून पुण्याला निघाले. घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि नुकतीच जन्मलेली मुलगी माणिक.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी आधार दिला. तिथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे संस्कृत शिकायचं. १९०२ साली ते नेपाळात गेले. तिथे खरा बौद्ध धर्म भेटेल अशी आशा होती, पदरी निराशा आली. बोधगया, कलकत्ता करत ते सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्षू, म्हणून दीक्षा घेतली आणि पाली शिकायला सुरुवात केली. मग ब्रह्मदेश. मग पुन्हा उत्तर भारतातली बौद्ध क्षेत्रं. जवळजवळ सात वर्षं हे चाललं. त्यांचं आत्मकथन ‘निवेदन’ वाचताना जाणवतं ते एवढंच, की पुढे काय होणार याचा कसलाही आराखडा त्यांच्यापाशी नव्हता. एक माणूस भेटे, तो पुढच्या माणसाचं नाव सांगे, आणि हे चालू लागत.

या प्रवासाकडे ‘करिअर’ म्हणून पाहायचं तर एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्या पदावर धर्मानंद पुढे काम करणार होते ते पद त्यांनी घर सोडलं तेव्हा आपल्या इलाख्यात नव्हतंच. पालीचा प्राध्यापक ही नोकरी कोणत्या जाहिरातीत असणार? कोणत्या मार्गदर्शकानं त्यांना ती सुचवली असती? भटकून, उपाशी राहून, शिकून ते परत आले आणि मग त्यांच्यासारख्या माणसासाठी हळूहळू जागा तयार झाली. १९०६ साली कलकत्त्यात त्यांनी भिक्षूचं चीवर उतरवलं. नव्यानं निघालेल्या नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले.

इथे बाळाबाईंबद्दल बोललं पाहिजे. धर्मानंदांच्या धैर्याचं कौतुक करताना आपण त्यांना सहज ओलांडून जातो. नवरा निघून गेलेला, कडेवर तान्ही मुलगी, आणि तो परतेल की नाही याची खात्री नाही; त्या काळच्या गोव्यात अशा बाईचं जिणं कसं असेल याची कल्पना करायला फार लागत नाही. धर्मानंदांना आपलं हे वागणं टोचत होतं, पण टोचणी असूनही ते गेले. पुरुषाला घर मागे टाकून प्रश्नाच्या मागे जाता येत होतं. बाळाबाईंना एखादा प्रश्न पडला असता तर त्यांना कुठे जाता आलं असतं? कुतूहलाला मोकळीक लागते, आणि ती मोकळीक त्या घरात एकालाच होती. धर्मानंदांच्या विद्येचा मला कितीही आदर असला तरी त्या सात वर्षांची किंमत त्यांनी एकट्यानं मोजली असं मला म्हणवत नाही.

कलकत्त्याची जागा चांगली होती. ती त्यांनी सोडली, कारण त्यांना महाराष्ट्रात, आपल्या भाषेच्या लोकांत काम करायचं होतं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट काय, तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावं आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहावं. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. कोणत्या विषयावर, कोणत्या निष्कर्षाचं, कोणाच्या उपयोगाचं, असलं काही त्यात नव्हतं. महाराजांनी या माणसाला निवडलं होतं आणि विषयाची निवड त्याच्यावर सोडली होती. या काळातलं ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटं पुस्तक पुढे अनेक मराठी वाचकांच्या हाती पडलं.

त्याच सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांची गाठ पडली. हार्वर्डला एका माणसाची गरज होती. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ संपादित करता करता हेन्री क्लार्क वॉरन हे अमेरिकन विद्वान वारले होते. साल १८९९, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडलं तेच. ते अर्धवट काम पुरं करू शकेल असा माणूस अमेरिकेत नव्हता. इंग्रजी शाळेचं तोंड न पाहिलेले धर्मानंद १९१० साली त्या कामासाठी बोटीत बसले. तिथे लॅनमन या ज्येष्ठ प्राध्यापकाशी श्रेयावरून त्यांचं पटलं नाही आणि ते परतले. पुढे पुन्हा गेले, पुन्हा परतले. मधल्या काळात, १९१२ ते १९१८, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी, आणि पश्चिम भारतात पालीचा अभ्यास रुजला तो यांच्यामुळे. ‘बाळबोध’च्या अंकातून सुरू झालेल्या प्रश्नानं आणखी काही माणसांच्या पोटापाण्याची आणि विद्येची सोय केली, ती अशी.

१९१८ साली धर्मानंद अमेरिकेला निघाले तेव्हा बरोबर माणिक होती आणि अकरा वर्षांचा दामोदर. हा मुलगा ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें इथे जन्मला होता. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या शाळेत आणि मग हार्वर्डमध्ये तो शिकला. तिथले मोठे गणिती जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्याला सगळं लक्ष गणितावर द्यावं असं सुचवलं होतं म्हणतात. त्यानं भाषा, इतिहास, जे जे दिसेल ते शिकायला घेतलं आणि प्रत्येकात उत्तम गुण मिळवले. १९२९ साली पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळाली. पुढच्या संशोधनासाठी लागणारी शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही, आणि तो भारतात परतला. काशी हिंदू विश्वविद्यालय, मग गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या बोलावण्यावरून अलिगढ, आणि १९३३पासून फर्ग्युसन.

फर्ग्युसनमधली बारा वर्षं हा माझ्या मते या कहाणीचा गाभा आहे. त्यांचं मूळ काम भूमितीतलं होतं. त्यात त्यांना नाव मिळत होतं. एली कार्तान यांच्यासारख्या फ्रेंच गणितज्ञानं त्यांच्या निबंधाची दखल घेतली होती आणि १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं होतं. तीच वाट धरून चालत राहिले असते तर नीटस कारकीर्द झाली असती. पण त्यांना संख्याशास्त्र शिकावंसं वाटलं. पुस्तकातली उदाहरणं सोडवून त्यांचं समाधान होईना. खरं, हातात धरता येईल असं काहीतरी मोजायला हवं होतं. ते त्यांना जुन्या चांदीच्या नाण्यांत सापडलं.

ही नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, हत्ती, टेकडी, झाड असे छाप ठोकलेले. इसवीसनापूर्वीच्या काही शतकांतली. राजाचं नाव नाही, साल नाही. एका मडक्यात पुरलेली शेकडो नाणी सापडतात, पण त्यातली आधीची कोणती आणि नंतरची कोणती? जाणकार छापांचे आकार पाहून अंदाज बांधत. कोसंबींनी तराजू घेतला.

त्यांचा विचार असा होता. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. झीज एका नाण्यात डोळ्यांना दिसत नाही, पण एकाच वेळी पाडलेली शंभर नाणी घेतली तर त्यांचं सरासरी वजन वर्षागणिक घटत जातं. त्याच वेळी त्यांच्या वजनांतला आपसांतला फरक वाढत जातो, कारण एखादं नाणं खूप फिरतं, एखादं गाठोड्यात पडून राहतं. म्हणजे वजनांचा हिशेब नीट केला तर नाण्यांच्या गटांचा काळानुसार क्रम लावता आला पाहिजे. पण हे खरं कशावरून? ते तपासायला त्यांनी चलनातली आपल्याच काळातली नाणी गोळा करून तोलली, कारण त्यांच्यावर टांकसाळीचं साल छापलेलं असतं. झीज अपेक्षेप्रमाणे दिसली. मग ते तक्षशिलेच्या साठ्यांकडे वळले. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात. खुणा जितक्या जास्त तितकं वजन कमी, असं आढळलं. म्हणजे ठराविक काळानं कोणीतरी नाणं पारखून त्यावर आपली खूण ठोकत असावं. नुसत्या वजनावरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांची एक रीत उजेडात आली.

हे काम किती कंटाळवाणं असेल! रोज कॉलेजात शिकवायचं, मग एकेक नाणं नाजूक काट्यावर ठेवायचं, मिलिग्रॅमपर्यंत वजन टिपायचं, परत ठेवायचं, दुसरं घ्यायचं. कुतूहल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चमकते डोळे आणि हजार प्रश्न येतात. कोसंबींच्या कुतूहलाचा बहुतेक वेळ मात्र हजारो वजनांच्या नोंदी करण्यात गेला. एका प्रश्नासाठी एक नवं कौशल्य पायापासून शिकायचं आणि त्याचा सगळा कंटाळा सोसायचा, ही त्यांची सवय होती, आणि माझ्या दृष्टीनं त्यांच्या यशातला मोठा वाटा या सवयीचा आहे.

नाण्यांचा क्रम लागला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. ही पाडली कोणी? राजे कोण होते, व्यापारी कोण होते? त्यासाठी पुराणं, बौद्ध ग्रंथ, शिलालेख वाचायला हवेत, म्हणजे संस्कृत आणि पाली पक्कं हवं. पालीच्या पंडिताच्या या मुलानं आता संस्कृतचा मुळातून अभ्यास सुरू केला. जवळच भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे वि. सी. सुखठणकर होते. त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी भर्तृहरीची सुभाषितं वाचायला घेतली. वाचता वाचता दिसलं, की प्रत्येक पोथीतला भर्तृहरी वेगळा आहे. श्लोकांची संख्या, क्रम, पाठ, काहीच जुळत नाही. मग देशभरातून शेकडो हस्तलिखितं जमवणं, ताडून पाहणं आलं. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती बाहेर पडली. पुढे वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादला, तो १९५७ साली हार्वर्ड ओरिएंटल सीरिजमध्ये बेचाळिसावा ग्रंथ म्हणून आला. त्याच मालेतला एकेचाळिसावा ग्रंथ ‘विसुद्धिमग्ग’ आहे. वॉरन यांनी सुरू केलेला आणि धर्मानंदांनी तपासून पुरा केलेला तो ग्रंथ १९५० साली, म्हणजे धर्मानंदांच्या मृत्यूनंतर छापला गेला. साखवाळच्या नारळीच्या बागेतून निघालेला बाप आणि गणिताचा प्राध्यापक मुलगा असे एका फळीवर शेजारी येऊन बसले आहेत.

जनुकांचं सूत्र याच वर्षांतलं. दोन जनुकं गुणसूत्रावर जितकी दूर, तितकी त्यांच्यामधल्या भागात तुकड्यांची अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. पण अदलाबदल दोनदा झाली तर पहिलीचा परिणाम पुसला जातो आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी भासतं. हॉल्डेन यांच्या १९१९च्या सूत्रात एका अदलाबदलीचा दुसरीशी संबंध नसतो असं धरलं होतं. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की लगतच्या भागात दुसरी व्हायला अडथळा येतो. कोसंबींनी तो अडथळा गणितात मांडला. १९४३ साली त्यांचा आणखी एक संख्याशास्त्रीय निबंध आला. त्यातली मूळ कल्पना काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली. संकेत आणि प्रतिमांवर काम करणारे अभियंते आजही ती त्या दोघांच्या नावानं वापरतात. अलीकडे काही लेखक त्या नावाआधी कोसंबींचं नाव जोडू लागले आहेत.

या काळातली त्यांची कामं एकापुढे एक ठेवली की त्यांच्या ‘विखुरलेपणा’बद्दलचा समज गळून पडतो. संख्याशास्त्र शिकायचं म्हणून नाणी; नाण्यांमुळे राजे आणि व्यापारी; त्यांच्यासाठी ग्रंथ; ग्रंथ घडवणारा समाज कसा होता या प्रश्नातून इतिहास. दारामागून दार उघडत गेलं. त्यांनी विषय बदलला असं बाहेरून दिसतं, आतून पाहिलं तर ते एकाच प्रश्नाच्या मागे जात होते.

ग्रंथांतून सगळं मिळेना तेव्हा ते चालू लागले. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण घर पुण्यात भांडारकर संस्थेजवळच राहिलं. डेक्कन क्वीननं मुंबईला जायचं, परत यायचं आणि सुट्टीच्या दिवशी टेकड्या तुडवायच्या. घरामागच्या टेकड्यांवर त्यांना लघुपाषाण सापडले, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गारगोटीतून छिलून काढलेली इवली हत्यारं. पुणेकर रोज तिथून फिरायला जात होते. कोसंबींनी खाली पाहिलं आणि कुठे जास्त सापडतात, कुठे कमी, हे टिपत गेले. मग शेंदूर फासलेले दगड, म्हसोबा, बोल्हाई, मावळाया. देवळात पुजारी कोण? नवस काय बोलतात? देवीला नवरा आहे की नाही? जत्रेची पालखी कोणत्या वाटेनं जाते? धनगर मेंढरं घेऊन कोणत्या वाटेनं उतरतात? हे प्रश्न ते मराठीत, पायवाटेवर उभे राहून, भेटेल त्या गुराख्याला आणि म्हातारीला विचारत.

कार्ल्याला आज गेलात तर पायऱ्यांवर नारळ, हार, पेढे यांची दुकानं लागतात. वर कोळी बांधवांची रांग असते, ढोल वाजत असतो. एकवीरा आईचं देऊळ थेट चैत्यगृहाच्या तोंडाशी उभं आहे. पर्यटक बहुधा देऊळ ओलांडून लेणं पाहायला आत जातो आणि भक्त लेण्याकडे पाठ करून देवीला हात जोडतो. कोसंबींनी विचारलं, ही दोन्ही इथेच का? दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार आणि मातृदेवतेचं ठाणं एकाच कड्यावर कशासाठी? त्यांचं उत्तर वाटांमध्ये होतं. किनाऱ्यावरून घाट चढून येणारी व्यापारी वाट आणि त्याहून जुन्या पशुपालकांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे देवीची ठाणी होती. पुढे भिक्षू आणि व्यापारी त्याच जागी आले. चैत्यातल्या खांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवनही आहेत. ते गाव कुठे असेल यावर कोसंबींनी स्वतंत्र निबंध लिहिला. १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात मातृदेवतांची ही ठाणी आहेत, पंढरीच्या वाटेचा माग आहे, गीतेमागचा समाज आहे आणि गोव्यातल्या गावकरी पद्धतीवरचा लेखही आहे. ते पुस्तक वाचून मी कार्ल्याला गेलो तेव्हा मला त्या रांगेत उभ्या असलेल्या बायका दिसल्या. आधीही त्या तिथेच होत्या, पण माझी नजर कमानीवर असायची.

हे सगळं काम त्यांना मानानं आणि वेतनानं परत मिळालं का? नाही, आणि हे लपवणं योग्य नाही. संशोधन संस्थेत ते गणितासाठी नेमले गेले होते आणि त्यांचा पुष्कळ वेळ इतिहासाकडे जात होता. देश अणुऊर्जेच्या मागे असताना ते सौरऊर्जेची बाजू मांडत होते, तीही परखड शब्दांत. आणि गणितात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. रीमानचं गृहीतक हे गणितातलं न सुटलेलं कोडं सिद्ध केल्याचा दावा त्यांनी १९५९ साली शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. सिद्धता टिकली नाही. ज्या धाडसानं ते नाण्यांत आणि जनुकांत शिरले त्याच धाडसानं इथेही गेले होते. फरक असा, की नाण्यांच्या वेळी त्यांनी आपला तर्क आधी चलनातल्या नाण्यांवर पडताळून पाहिला होता, जनुकांच्या सूत्राला प्रयोगांतले आकडे साक्षी होते. इथे तसा पडताळा नव्हता आणि टीका ऐकायची तयारीही कमी पडली असं मला वाटतं. गणितज्ञांत त्यांची पत घसरली. १९६२ साली संस्थेनं त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

तरुण वाचक इथे थांबून विचारेल, की मग याचा धडा काय? नोकरीच गेली ना शेवटी. मी त्याला पोटाच्या बाजूनं उत्तर देईन. बापलेक दोघांपाशीही एक विद्या अशी होती, की तिच्यावर घर चालत होतं. धर्मानंद पाली शिकवत, दामोदर गणित. वर्गात तास घेणं त्यांनी कधी कमीपणाचं मानलं नाही. नाणी तोलण्यासाठी दामोदरांनी फर्ग्युसनची नोकरी सोडली नाही आणि भर्तृहरीसाठीही नाही. सुरक्षित नोकरी आधी आणि कुतूहल निवृत्तीनंतर, असा क्रमही त्यांनी लावला नाही. दोन्ही एकाच दिवसात बसवली; सकाळ कॉलेजची आणि उरलेला वेळ काट्याचा किंवा पोथ्यांचा. त्यांना काय सोडावं लागलं असेल याचा अंदाज करता येतो. एका विषयातल्या मोठ्या पदाकडे जाणारी सरळ शिडी त्यांनी सोडली. ती सोडताना ती आहे हे त्यांना ठाऊक होतं.

ज्या मुलांना आज डेटा, जैवमाहिती, पुराणवनस्पतिशास्त्र असल्या नव्या क्षेत्रांची नावं ऐकू येतात, त्यांनी हे पाहावं की ही क्षेत्रं अशाच ओलांडण्यांतून तयार झाली आहेत. संख्याशास्त्र येणारा माणूस नाण्यांकडे गेला तेव्हा नाणेशास्त्राला ते मिळालं जे नाणेशास्त्रातल्या कोणाहीपाशी नव्हतं. नवा विषय शिकताना जुना विषय वाया जात नाही. पण तिथे जाताना आपली जुनी पदवी बाजूला ठेवून नवशिक्यासारखं बसावं लागतं. हार्वर्डचा पदवीधर सुखठणकरांकडून वाचायला काय घ्यावं ते ऐकतो आणि टेकडीवरच्या गुराख्याला वाट विचारतो, हे मला त्यांच्या सगळ्या निबंधांइतकंच मोलाचं वाटतं.

या घरात तिसऱ्या पिढीतही हेच दिसतं. दामोदरांची मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या, स्टॉकहोमला डॉक्टरेट केली. अभ्यास शहरांचा होता. तिथून त्या एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांकडे आणि पंडिता रमाबाईंकडे वळल्या, आणि पुढे आजोबांचं ‘निवेदन’ त्यांनी इंग्रजीत आणलं. २०१५ साली त्या वारल्या.

करार संपल्यावर दोन वर्षांनी, १९६४ साली, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं दामोदर कोसंबींना मानद शास्त्रज्ञाचं पद दिलं. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत त्यांची सोय झाली. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक आलं. २९ जून १९६६ रोजी ते झोपेतच गेले, वय अवघं ५८. इतिहासाची पुस्तकं तेव्हापासून सतत छापली जात आहेत. गणिताचे आणि संख्याशास्त्राचे निवडक निबंध मात्र वेगवेगळ्या नियतकालिकांत पडून होते. शास्त्रज्ञ राम रामस्वामी यांनी ते शोधून एकत्र केले आणि त्यांचा ग्रंथ २०१६ साली निघाला. आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तो गणिताच्या कपाटात जातो आणि ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ दुसऱ्या मजल्यावर इतिहासाच्या. ग्रंथपालांनी एखाद्या वर्षी ही दोन्ही पुस्तकं, भर्तृहरीची आवृत्ती आणि ‘निवेदन’ प्रवेशद्वाराजवळच्या एका टेबलावर मांडावीत आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हाताळू द्यावीत.